भिंगावर खूर

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं. जंगल कुठलं ते विचारायचं नाही. सांगितलं तर लगेच मोबाइल काढून नकाशात शोधत बसाल आणि माझी गोष्ट राहील बाजूला. तर तळं होतं. आधी बरीच तळी होती, पण त्या वर्षी ऊन असं काही पडलं की एकेक करून सगळी आटली आणि हे तेवढं उरलं.

आता एक तळं आणि पिणारी तोंडं जंगलभर. व्हायचं तेच झालं. सगळे एकदम घुसले. ढकलाढकली, लाथाळी, चावाचावी. पाण्याचा पार चिखल झाला. मग वाघ आला, आणि त्यालाही चिखलच चाटावा लागला. हरणं चिखल चाटत होती तोवर कोणाला काही वाटलं नव्हतं. वाघाच्या जिभेला चिखल लागला आणि त्याच दिवशी सभा भरली.

सभेचे अध्यक्ष होते भालेराव अस्वल. त्यांनी ठरवलं की तळ्याभोवती काटेरी कुंपण घालायचं, एकच फाटक ठेवायचं आणि पाळ्या लावायच्या. प्रत्येक कळपाच्या झाडावर एक भोंगा टांगायचा. ज्याचा भोंगा वाजेल त्याने यायचं, प्यायचं आणि निघायचं. आणि एक नियम त्यांनी सगळ्यांकडून घोकून घेतला: वाघ आणि चितळं एका वेळी पाण्यावर येऊ नयेत. वाघानेही तो सगळ्यांबरोबर घोकला. त्याचा आवाज सगळ्यात मोठा होता.

भोंगे वाजवायचं काम हत्तीकडे होतं. तो सोंडेने दोऱ्या ओढायचा. पण हत्तींचा कळप दुसऱ्या रानात निघून गेला, आणि भालेराव म्हणाले, "आता हे काम कॉम्प्युटरवर घ्या. जग कुठे चाललंय आणि आपण दोऱ्या ओढतोय."

जंगलात कॉम्प्युटर कुठून आला, असं ज्याच्या मनात आलं असेल त्याने खुशाल उठून जावं. वाघ सभेत बोलतो ते तुम्हाला चालतं, आणि कॉम्प्युटर तेवढा चालत नाही?

बसा आता.

चितळांच्या कळपात एक तरुण चितळ होता. त्याचं नाव मृगेंद्र. मृगेंद्र म्हणजे सिंह, हे त्याच्या आईला ठाऊक नव्हतं. नाव भारदस्त वाटलं, ठेवलं झालं. त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव हरिणाक्षी. म्हणजे हरणासारखे डोळे असलेली. हरणाला दुसरे कसले डोळे असणार, पण आईला कोण समजावणार. सगळे तिला अक्षी म्हणत.

हा मृगेंद्र डोंगरापलीकडे जाऊन क्लास करून आला होता. प्रोग्रामिंगचा क्लास. कोवळ्या शिंगांवरची मखमल अजून गेली नव्हती, पण गळ्यात लॅपटॉप अडकवून असा काही चालायचा की बघत राहावं. त्याचे मामा, शिंगाडेमामा, कळपाचे म्होरके होते. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते सांगत, "आमचा भाचा. प्रोग्राम लिहितो." प्रोग्राम म्हणजे काय ते मामांना माहीत नव्हतं. ज्याला ते सांगत त्यालाही नव्हतं. त्यामुळे गप्पा चांगल्या रंगत.

आता मृगेंद्र क्लासात काय शिकला होता? खरं सांगू का, एकच गोष्ट शिकला होता. ज्या खिडकीत प्रोग्राम लिहायचा, त्याच खिडकीच्या कोपऱ्यात एक भिंग होतं. अडलं की त्या भिंगावर खूर ठेवायचा. की लगेच प्रश्न विचारायला जागा उघडे. प्रश्न लिहिला की तो जगातल्या सगळ्या जंगलांत जाई, आणि तिथल्या ज्या प्राण्यांना दुसरा उद्योग नसे त्यांनी देऊन ठेवलेली उत्तरं समोर येत. उत्तर ज्याला आवडे तो खाली आपल्या पायाचा ठसा उमटवी. ज्याच्या खाली ठसे जास्त, ते उत्तर सगळ्यात वर. आणि उत्तराशेजारी एक बटण असे: 'इथे चिकटवा.' दाबलं की उत्तर उचलून थेट प्रोग्रामात येऊन बसे. खिडकीतून उठायला नको, कोणाला तोंडाने विचारायला नको, डोकं खाजवायला नको. क्लासात पहिल्या दिवशी हे शिकवलं आणि उरलेले दिवस गुरुजी आणि विद्यार्थी दोघेही निवांत होते.

भालेरावांनी मृगेंद्राला बोलावून काम दिलं. चितळांची पाळी सकाळी, वाघाची संध्याकाळी, मध्ये बाकीचे सगळे. हे भोंगे आपोआप वाजले पाहिजेत.

"होऊन जाईल," मृगेंद्र म्हणाला. "सोपं आहे."

सोपंच होतं. मुंगीने लिहिलं असतं, तिला खूर नसल्यामुळे जरा वेळ लागला असता एवढंच. मृगेंद्र एका बेहड्याखाली बसला. पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिली. तिसऱ्या ओळीखाली लाल रेघ उमटली आणि एरर आली.

चूक मोठी नव्हती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक ठिपका द्यायचा राहिला होता. ज्याच्या अंगभर ठिपके आहेत त्याला एक ठिपका सापडू नये, याला काय म्हणायचं? पण सापडण्यासाठी आधी बघावं लागतं. मृगेंद्राने आपली ओळ परत वाचली नाही. लाल रेघ दिसली की त्याचा खूर आपोआप भिंगाकडे वळायचा.

त्याने लिहिलं: 'वाघ आणि चितळं एका वेळी पाण्यावर येऊ नयेत, यासाठी प्रोग्राम.'

भिंगाने क्षणभर विचार केल्यासारखं केलं. मग वर बारीक अक्षरांत एक ओळ आली: 'शोध सोपा व्हावा म्हणून किरकोळ शब्द वगळले आहेत.' किरकोळ शब्द कोणते? 'आणि' वगळला. 'यासाठी' वगळला. आणि 'येऊ नयेत' वगळलं. उरलं काय ते तुम्हीच जोडून बघा. मी सांगणार नाही, मला ते आठवलं की अजून संताप होतो.

बारीक अक्षरं कोण वाचतो? मृगेंद्र तरी वाचणारा नव्हता. सगळ्यात वरचं उत्तर त्याने उघडलं. 'वाघ, चितळं, एका वेळी पाण्यावर: हमखास चालणारा प्रोग्राम.' लिहिणाऱ्याचं नाव पट्टेदार. मृगेंद्राला वाटलं, आडनाव असेल. खाली ठसे इतके उमटले होते की मोजता येईनात, आणि ठशांखाली कौतुकाच्या ओळी. 'फार उपयोगी पडलं.' 'आता रोजची धावपळ वाचते.' 'आमची पिल्लं बाळसं धरायला लागली, तुमचे उपकार कसे फेडू.'

तेवढ्यात अक्षी आली. तिच्या पोटात पिल्लू होतं, दिवस भरत आले होते. त्यामुळे तिला तहान सोसवत नसे. पाळीचं नक्की कधी ठरतंय, एवढंच तिला हवं होतं.

"झालं का रे मृग्या?"

"झालंच. मिळालं."

"मिळालं म्हणजे? तू लिहिणार होतास ना?"

"ताई, आता कोणी लिहीत बसत नाही. शोधायचं असतं."

अक्षीने स्क्रीनवर मान वाकवली. "हे खाली काय रे?"

"पसंती आहे ती. ज्यांना आवडलं त्यांचे ठसे."

"सगळे पंजेच दिसतायत."

"मग?"

"एकही खूर नाही त्यात."

मृगेंद्र हसला. शिकून आलेली मुलं घरच्यांना हसतात ना, तसा. "खूरवाल्यांना हे कळतं कुठे, ताई? आपल्यात शिकलेलं कोण आहे, सांग बघू. पंजेवाले पुढे गेले ते काय उगाच? ते जे वापरतात ते आपण वापरायला शिकलं पाहिजे."

अक्षीला ते पटलं. तिला आपण अडाण्यासारखं विचारलं म्हणून थोडी लाजही वाटली. म्हणजे बघा, जे दिसायला हवं होतं ते तिला दिसलं होतं, आणि दिसलं म्हणून तीच ओशाळली. तरी तिने आणखी एक विचारलं. "आणि ही शेवटची ओळ? 'सगळे आत आले की फाटक बंद.' बंद कशाला करायचं?"

"शिस्त म्हणून," मृगेंद्र म्हणाला, आणि त्याने 'इथे चिकटवा' वर खूर मारला.

लाल रेघ गेली. सगळं हिरवं झालं. एरर नाही.

अक्षी कळपात गेली आणि म्हणाली, "आपला मृग्या पंजेवाल्यांच्या तोडीचं काम करतो." कळपाला फार बरं वाटलं. शिंगाडेमामा तर त्या दिवशी तहान विसरले.

दुसऱ्या दिवशी सभेपुढे प्रोग्राम ठेवला. मृगेंद्र एका खडकावर उभा राहिला आणि त्याने स्क्रीन सगळ्यांना दाखवली. भालेराव अस्वलांनी डोळे बारीक करून विचारलं, "एरर आहे का?"

"नाही."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा नाही."

"उत्तम," असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली. सांबरांनी विचारलं, हिरवा रंग चांगला असतो का. चांगला असतो, असं कळल्यावर तेही निर्धास्त झाले.

वाघ मात्र पुढे आला. त्याने स्क्रीनजवळ तोंड नेलं आणि वरून खालपर्यंत सगळं वाचलं. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली. त्या सभेत प्रोग्राम पूर्ण वाचणारा तो एकटाच होता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. आपल्यातल्या कोणाला असला कंटाळवाणा मजकूर वाचायची चिकाटी असते हो?

वाचून झाल्यावर वाघ मृगेंद्राकडे वळला. त्याचा आवाज मऊ झाला होता.

"तू लिहिलास?"

"हो," मृगेंद्र म्हणाला.

"वा. आजवर मी बरीच चितळं पाहिली, जवळून पाहिली, पण इतकं गोड पोर पाहिलं नव्हतं." मग तो शिंगाडेमामांना म्हणाला, "याला जपा. असे आणखी आहेत का तुमच्याकडे?"

वाघाने चितळाचं भर सभेत कौतुक केलं. असं त्या जंगलात कधी घडलं नव्हतं. मामा शिंगं जमिनीला टेकेपर्यंत वाकले. "आपली कृपा," ते म्हणाले. मृगेंद्राची आई मागे उभी होती, म्हातारी झाली होती, मागच्या पायाने लंगडत होती. तिला पुढचं काही दिसलं नाही, पण कोणीतरी आपल्या मुलाला गोड म्हणालं एवढं तिने ऐकलं आणि तिचे डोळे ओले झाले.

मग उजाडलं. चितळांच्या झाडावरचा भोंगा वाजला. त्याच वेळी दूर वाघाच्या गुहेवरचा भोंगाही वाजला. दोन आवाज आले ते सगळ्यांनी ऐकले. शिंगाडेमामा म्हणाले, "बघा, आवाज किती घुमतो. हत्तीच्या वेळी असा घुमत नव्हता."

कळप निघाला. अक्षी पुढे होती, तिला धीर नव्हता. आई लंगडत सगळ्यांच्या मागे, बरीच मागे. चितळं फाटकातून आत शिरली आणि पाण्याला तोंड लावून उभी राहिली. तहानेने त्यांची शुद्ध हरपली होती. कान टवकारायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही. कान टवकारायला आता प्रोग्राम होता ना.

मृगेंद्र मात्र आत गेला नाही. लॅपटॉपवर पाणी उडेल म्हणून तो फाटकाबाहेरच्या उंचवट्यावर बसला. तिथून त्याला वाघ येताना दिसला. सकाळच्या उन्हात, रमतगमत, जांभई देत. वाघाने त्याला ओळख दाखवली.

"चालू दे तुझं," वाघ म्हणाला, आणि त्याच्या शेजारून फाटकात शिरला.

मृगेंद्राने वाघाकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. त्याने स्क्रीनवर विश्वास ठेवला. तोवर शेवटची ओळ कामाला लागली. प्रोग्रामाच्या हिशेबाने सगळे आत आले होते. फाटक लागलं आणि त्याच्यावर बाहेरून अडसर पडला.

अडसर म्हणजे काय, माहीत आहे? तुम्ही पेपरात वाचता, 'पुलाच्या कामातील अडसर दूर.' तो नव्हे. म्हणजे तोच, पण मुळात अडसर म्हणजे दार उघडू नये म्हणून आडवं घालतात ते लाकूड. साधं लाकूड. कॉम्प्युटरने ते पाडलं होतं, पण काढायला कॉम्प्युटर लागत नव्हता. तोंडात धरून बाजूला ओढलं की झालं.

आत पहिली किंकाळी उठली.

चितळाला वाघ दिसला की चितळ ओरडतं. त्याला ते शिकवावं लागत नाही, पिल्लू उभं राहायला लागतं तेव्हापासून ते येतं. मृगेंद्राने वाघ सगळ्यांच्या आधी पाहिला होता. तो ओरडला नव्हता. आत्ताही ओरडला नाही. त्याने भिंगावर खूर ठेवला.

त्याने लिहिलं: 'वाघ चितळांबरोबर आत गेला आहे, काय करावं?'

उत्तर आलं: 'हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे. पुढील उत्तर पाहा.' त्याने पाहिलं. ते पट्टेदाराचंच उत्तर होतं.

त्याने लिहिलं: 'बंद झालेलं फाटक उघडायचं कसं?'

कुठल्यातरी जंगलातून एकाने लगेच विचारलं, 'फाटक नेमकं कशासाठी उघडायचं आहे? तुमचा प्रश्न स्पष्ट नाही.' दुसऱ्याने लिहिलं, 'प्रश्न विचारण्याआधी स्वतः काय काय करून पाहिलंत ते लिहा.' मृगेंद्र लिहायला लागला. खरंच लिहायला लागला. फाटक त्याच्यापासून दोन उड्यांवर होतं.

कुंपणाच्या काट्यांतून अक्षी दिसत होती. ती पोट सांभाळत फाटकाशी आली होती आणि तिला तो समोर दिसत होता.

"मृग्या," ती ओरडली, "अडसर काढ."

त्याने ते स्पष्ट ऐकलं. वारा नव्हता, आणि ती त्याची बहीण होती. पण अडसर म्हणजे लाकूड, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या क्लासात अडसर नव्हते, लॉक होते. अडसर त्याने वाचला होता तो फक्त मोठमोठ्या मथळ्यांत. काहीतरी संकट आहे आणि ते दूर करायचं आहे, एवढंच त्याला कळलं. ते तर त्यालाही दिसत होतं. कसं दूर करायचं ते अक्षी सांगत नाहीये, असं त्याला वाटलं.

म्हणून त्याने लिहिलं: 'अडसर कसा दूर करावा?'

या वेळी उत्तरांचा पाऊस पडला. 'यशाच्या वाटेवरचे अडसर दूर करण्याचा मंत्र.' खाली पंजे होते, खूर होते, पंख होते, खवलेसुद्धा होते. मृगेंद्र वाचायला लागला. रोज पहाटे उठा. नकारात्मक प्राण्यांपासून लांब राहा. अडसर बाहेर नसतो, आपल्या मनात असतो.

"मृग्या, अरे तुझ्यासमोर आहे. ओढ ना."

तो समोरच बघत होता. स्क्रीनवर. त्याने पान खाली सरकवलं, पुढे आणखी काही दिलंय का ते बघायला.

तिसऱ्यांदा अक्षीचा आवाज आला नाही.

आई लंगडत पोचली तेव्हा आत नुसता धुरळा दिसत होता. तिने काही विचारलं नाही. लाकूड दिसलं, तोंडात धरलं, ओढलं. ते निघालं. फाटक उघडलं आणि उरलेला कळप तिला तुडवत बाहेर आला. शिंगाडेमामा त्यात पहिले होते. अक्षी त्यात नव्हती. आणखीही बरीच जणं नव्हती, पण आईने एकेकाच्या तोंडाकडे बघत फक्त तिलाच शोधलं. मागून वाघ आला, पाणी प्याला होता, मिशा ओल्या होत्या. चालायला त्याला जड जात होतं.

मृगेंद्र रडला. खोटं कशाला सांगू, खूप रडला. अक्षी त्याला लहानपणी अंगाने झाकून झोपवायची, ते सगळं त्याला आठवलं. तुम्हाला त्याची दया येत असेल तर येऊ द्या. मला येत नाही. बघितलं असतंस एकदा समोर, एवढंच मला त्याला सांगावंसं वाटतं, आणि ते सांगून काही उपयोग नाही हेही कळतं.

दुपारी सभा भरली. चौकशी व्हायला नको? भालेराव अस्वलांनी लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "एरर आली होती का?"

"नाही," मृगेंद्र म्हणाला.

"मधेच बंद पडला?"

"नाही."

"भोंगे वाजले?"

"वाजले."

"फाटक सांगितल्याप्रमाणे बंद झालं?"

"हो."

भालेरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मग प्रोग्राममध्ये दोष काढता येत नाही." वाघ सावलीत आडवा पडला होता. त्याने डोळे न उघडता सांगितलं की वापरणाऱ्यांपैकी एक म्हणून त्याची काही तक्रार नाही. ससा काहीतरी बोलायला उठला होता, पण त्याला प्रोग्रामिंग येतं का असं विचारल्यावर तो खाली बसला. शेवटी ठरलं की प्रोग्राम आहे तसाच ठेवावा, आणि चितळांनी पाण्यावर जाताना स्वतःची काळजी घ्यावी. शिवाय पिणारी तोंडं कमी झाल्यामुळे तळ्यातलं पाणी आता उन्हाळाभर पुरेल, ही समाधानाची बाब आहे, असंही भालेराव म्हणाले. मृगेंद्राला कायमचं नेमलं.

शिंगाडेमामांच्या कमरेला ओरखडा होता, त्यातून रक्त येत होतं. तरी ते परतताना शेजाऱ्याला म्हणाले, "ऐकलंत ना? आमच्या पोराच्या प्रोग्राममध्ये एक चूक निघाली नाही."

मृगेंद्र आणि त्याची आई सगळ्यांच्या मागून चालली होती. आई हळू चालत होती म्हणून तोही हळू चालत होता. भालेरावांनी काय ठरवलं, वाघ काय म्हणाला, यातलं आईला काही कळलं नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिच्या मनात सकाळपासून एकच गोष्ट होती.

"मी लांब होते रे," ती म्हणाली. "मला नुसता आवाज आला तिचा. तू तर तिथेच होतास. काय म्हणत होती अक्षी?"

मृगेंद्राच्या गळ्यातला लॅपटॉप चालताना छातीवर आपटत होता. आईने तोंडात धरून ओढलेलं लाकूड त्याने बघितलं होतं. शब्दाचा अर्थ त्याला आता कळला होता. तो भिंगाने सांगितला नव्हता.

"नीट ऐकू आलं नाही, आई," तो म्हणाला.

आई बरं म्हणाली आणि चालू लागली.

तात्पर्य: बाळांनो, शोधलं की उत्तर मिळतंच. ते आपल्याच प्रश्नाचं असलं पाहिजे, असला हट्ट मात्र धरू नये. आणि आतून कोणी ओरडत असेल, तर आधी त्या शब्दाचा अर्थ शोधावा. फाटकाचं काय, कोणी ना कोणी येऊन उघडतं.